वेळणगडच्या उलट्या जंग्या

इथे जरा थांबा. चढून दमला असाल, आणि यापुढे गडावर एवढी सावली कुठे नाही. हा पश्चिमेचा बुरूज. याला डावऱ्याचा बुरूज म्हणतात. भिंतीत ही चार तिरपी भोकं दिसतात ना, त्या जंग्या. आत उभं राहून बंदुकीची नळी यातून बाहेर काढायची आणि खालून चढणाऱ्यावर रोखायची, त्यासाठी असतात. दरवाजाजवळ अशा पुष्कळ पाहिल्यात तुम्ही. पण या चार वेगळ्या आहेत. तुमच्यातलं कोणीतरी पुढे या. समजा हातात बंदूक आहे, आता दस्ता उजव्या खांद्याला लावा. बघा, भिंत आडवी आली, समोर नुसता दगड. आता डाव्या खांद्याला लावा. खालच्या घळीपासून वरच्या कड्यापर्यंत सगळी वाट दिसते की नाही?

मोजमापं घेणारी माणसं येतात, फोटो काढतात, गवंड्याची चूक असेल म्हणतात. चूक नाही ती. मी इथल्या वेळणाईचा गुरव. माझ्या चुलत्याने याच दगडावर बसवून मला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

पेशवाईचा काळ होता असे सांगतात. नेमकं साल कोणाला ठाऊक नाही. गडावर पन्नासेक बंदूकवाले असत. बंदुका चकमकीच्या. नळीत दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची. बाहेरच्या बाजूला एक छोटी वाटी असते, तिच्यात चिमूटभर बारीक दारू घालायची, त्या दारूला रंजक म्हणतात. चाप ओढला की घोड्यात धरलेली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी रंजकेवर पडते, आणि तो जाळ बारीक भोकातून आत जाऊन बार उडतो. ही वाटी आणि घोडा नेहमी बंदुकीच्या उजव्या अंगाला. म्हणजे उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याच्या तोंडापासून लांब. जाळ उडतो तो उजवीकडे, मोकळ्या हवेत.

त्या पन्नासांत म्हाळू पारठे नावाचा एक जण होता, तो डावरा. डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने कोयता चालवायचा. बंदूकही डाव्या खांद्यावरच घ्यायचा. त्याला उजवीकडून मारायला शिकवून पाहिलं, हात बांधून पाहिला. गोळी कुठल्या कुठे जाई. आणि डाव्या खांद्यावर घेतली की शंभर पावलांवरचा नारळ फुटे. गडाचे हवालदार सुभानराव म्हणून होते, शिस्तीचे कडक. पण नेम पाहून त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

पण नेमाची किंमत म्हाळूच्या तोंडाला द्यावी लागत होती. डाव्या खांद्यावर बंदूक घेतली की ती रंजकेची वाटी बरोबर त्याच्या उजव्या गालापुढे येई. दर बाराला जाळ तोंडावर. गाल काळवंडलेला, भुवई जळालेली, उजव्या हातावर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग. जेवायला बसला की पोरं त्याला अर्ध्या तोंडाचा भुत्या म्हणत. तो हसण्यावारी न्यायचा.

गडावर सिदू लोहाराची भट्टी होती. वयाने म्हाळूपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, बोलायला तिखट, हाताला मात्र असा की बिघडलेल्या बंदुका दुसऱ्या गडांवरून त्याच्याकडे येत. एके दिवशी म्हाळू घोड्याची कमान बदलून घ्यायला आला. सिदूने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हे किती दिवस चालवणार रं?"

"सवय झाली, दादा."

"तुला झाली आसंल. मला बघवत न्हाय. माणूस उलटा करता येत न्हाय म्हंतात. मग बंदूक उलटी करू."

बोलायला सोपं, करायला अवघड. नुसता घोडा या अंगाचा त्या अंगाला लावून भागत नाही. आतली कमान, दात, खिट्टी, सगळं उलट्या घडणीचं लागतं. सिदूने बायकोचा, भागूचा, आरसा मागून घेतला. सुलट्या बंदुकीची कळ, म्हणजे घोड्याची सगळी जुळणी, आरशापुढे धरायची आणि आरशात दिसेल तशी घडवायची. आठ महिने लागले म्हणे. भागू आठ महिने पाण्यात बघून कुंकू लावत होती.

चैत्रात बंदूक तयार झाली. वाटी डाव्या अंगाला, घोडा डाव्या अंगाला. गडावर असली वस्तू कोणी पाहिली नव्हती. सगळे देवळापुढच्या माळावर जमले. म्हाळूने ठासली, रंजक भरली, डाव्या खांद्याला लावली. सिदू वाकून आपलं काम बघायला जवळ उभा राहिला. आयुष्यभर तो बंदूकवाल्याच्या डाव्या हाताला उभा राहत आला होता, कारण ती बाजू बिनधोक. त्या दिवशीही तो डावीकडेच उभा राहिला. बंदूक उलटी करणाराच तेवढा एक क्षण विसरला की ती उलटी आहे.

म्हाळूचं लक्ष नारळावर होतं. त्याने चाप ओढला. नारळ फुटला, माणसं ओरडली, आणि त्या ओरडण्यातच सिदू दोन्ही हात तोंडावर घेऊन खाली बसला.

उजवा डोळा जागीच गेला. डावा वाचला, पण पुढे त्याच्यावरही हळूहळू सावट येत गेलं.

म्हाळूला त्या दिवशी कोणी दोष दिला नाही. तो बंदूक घेऊन सरळ देवळात गेला, देवीच्या पायांशी ती आडवी ठेवली, डाव्या हातात भंडारा घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, या हातानं मी पुन्हा चाप ओढणार न्हाय." हवालदार चिडले. एवढा नेमबाज हातचा गेला. पण देवीपुढे घेतलेली शपथ. तिच्यावर हवालदाराचाही हुकूम चालत नाही. म्हाळूला पाणक्या केलं. तो टाक्यावरून पखाली भरी आणि गडभर पाणी पोचवी.

फक्त भट्टीवर जात नसे. तिथलं पाणी तो दुसऱ्याकडून पाठवी. भट्टीवरून जायची वेळ आली तर तटाकडून लांबचा वळसा घेई. सिदूच्या पुढे उभं राहायची त्याला लाज वाटायची. तीन वर्षं दोघांत बोलणं नाही. आणि सिदूही मानी. तो बोलवायला गेला नाही.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरला आणि खालच्या खोऱ्यात पुंडांची टोळी शिरली. कोणाची माणसं होती, कुठून आली, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. गावं लुटत, गवताच्या गंज्या पेटवत ती वर सरकली. वेळणवाडीची माणसं गुरंढोरं, लेकरं, म्हातारी-कोतारी घेऊन गडावर आली. दोनशे जीव तरी असतील. आणि गडावरचे बहुतेक बंदूकवाले त्या वेळी मोहिमेवर गेलेले. मागे उरले होते अकरा.

दरवाजा भक्कम होता. दोन दिवस पुंडांनी तिथे डोकं आपटलं आणि मग नाद सोडला. पण या पश्चिमेच्या अंगाला, खाली बघा, ती घळ दिसते, तिथून शेळ्यांची एक वाट वर येते. एका वेळी एकच माणूस, तेही कातळाला हात धरून. ती वाट त्यांना सापडली. तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरलं तेव्हा त्यांची माणसं निम्म्या वाटेवर आलेली होती.

तेव्हा या बुरुजाला या अंगाने एकही जंगी नव्हती. भिंत सलग. वाट मारायची तर भिंतीच्या या डाव्या टोकाला उभं राहायचं आणि बाहेर वाकायचं. आता तुम्हीच विचार करा. बंदूक उजव्या खांद्यावर असली तर नळी या टोकापलीकडे न्यायला अख्खी छाती बाहेर काढावी लागते. आणि खाली, पलीकडच्या टेकाडावर, त्यांचे बंदूकवाले तेवढ्याचीच वाट बघत बसलेले.

कोयाजी नावाचा तरणाताठा गडी पहिला वाकला. त्याचा बार उडायच्या आत त्याला गोळी लागली. तो आत पडला आणि थोड्या वेळाने गेला. त्याच्यानंतर वाकलेल्याचा दंड फुटला. तिसरा पुढे होईना, आणि त्याला दोष तरी कोण देणार?

हवालदार धावत टाक्यावर गेले. म्हाळू पखाल भरत होता.

"म्हाळोजी, बुरुजावर चला. तुमच्याशिवाय तिथं कोणाला उभं राहता येत नाही."

"सरकार, शपथ हाय."

"माझा हुकूम आहे."

"मान उतरवा, सरकार. देवीची आण मोडायला सांगू नका."

हवालदारांनी तलवारीला हात घातला, आणि तसेच परत फिरले. म्हाळू पखाल खांद्यावर घेऊन तिथेच उभा राहिला. पाणी सांडत होतं. कोयाजीची आई पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिचा आवाज टाक्यापर्यंत येत होता.

तेवढ्यात तटाला हात लावत, चाचपत, सिदू आला. तीन वर्षांनी प्रथमच दोघं समोरासमोर उभे होते. सिदूच्या काखेत ती बंदूक होती. देवीच्या पायांशी ठेवलेली.

"दादा, ती का उचललीस?"

"म्या घडवली, म्या उचलली. बघ जरा तिच्याकडं."

म्हाळूने पाहिलं. तीन पावसाळे देवळातल्या ओलीत पडलेली बंदूक, पण गंजाचा एक ठिपका नव्हता. घोडा बोटाने मागे ओढला तर लोण्यासारखा मागे आला. गारगोटी नवी होती.

"दर अमावास्येला जातो मी देवळात," सिदू म्हणाला. "तेल घालतो. गुरवाला ठाऊक हाय. तुला सांगू नको म्हणलं व्हतं."

म्हाळूने हात मागे घेतला. "ह्या हातानं तुझा डोळा घेतला, दादा."

"घेतला न्हाय, गेला. म्या चुकीच्या बाजूला उभा ऱ्हायलो. आठ महिने उलटी घडवली आणि चुकून सुलट्या बंदुकीपाशी ऱ्हातात तसा उभा ऱ्हायलो. माझी चूक तू तीन वर्सं पखालीत भरून वाहतोयस." त्याचा आवाज चढला. "माझ्यासाठी शपथ घेतलीस ना? मला इचारलंस? डोळा गेल्याचं दुःख येगळं. पर ज्या कामासाठी गेला, ते काम तू देवीपुढं पुरून टाकलंस. त्याचं दुःख मी कुणाला सांगू? आणि आता त्या कोयाजीच्या आयेचं रडं ऐक. ऐकू येतंय न्हवं?"

म्हाळूने पखाल खाली ठेवली.

"देवी काय म्हणंल?"

"ते मागनं दोघं मिळून इचारू. आधी चल."

बुरुजावर आल्यावर म्हाळूने एकच अट घातली असे सांगतात. दादाने त्याच्या उजव्या हाताला, भिंतीच्या आडोशाला बसायचं, आणि तो तिथे बसलाय हे कानांनी ऐकल्याशिवाय म्हाळू चाप ओढणार नाही. सिदूने ती मानली. मग दोघांनी काम वाटून घेतलं. म्हाळू आत वळून ठासायचा. सिदू वाटी चाचपून रंजक भरायचा, त्याला ते करायला डोळे लागत नव्हते. मग मागून वळसा घालून उजवीकडे यायचा, भिंतीला पाठ लावायचा आणि म्हणायचा, "आलो." तेव्हा म्हाळू टोकाशी जायचा. डाव्या खांद्यामुळे त्याचा फक्त अर्धा चेहरा आणि खांदा बाहेर दिसे. जाळ डावीकडे, दरीवर उडून जाई. पलीकडच्या टेकाडावरून गोळ्या आल्या त्या भिंतीवर फुटल्या.

पहिल्या बाराला वाटेवरचा सगळ्यात पुढचा माणूस पडला. वाट इतकी अरुंद की मागच्याला त्याला ओलांडून येणं भाग होतं. तो ओलांडायला लागला तेव्हा दुसरा बार झाला. मध्ये जेवढा वेळ जाई तेवढ्यात बायका वरून धोंडे लोटत. असे तेरा बार झाले म्हणतात. एकदाही गारगोटी चुकली नाही, एकदाही रंजक फुकट गेली नाही. दुपारच्या आत घळ रिकामी झाली, आणि दुसऱ्या दिवशी टोळी खोरं सोडून गेली.

लोक नाचले, गुलाल उधळला. म्हाळू त्यात नव्हता. तो कोयाजीच्या घरी जाऊन दारात बसला होता. म्हातारीने त्याला आत बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. संध्याकाळपर्यंत तो तसाच बसून होता.

हवालदारांनी दरबार भरवून त्याला जमीन देऊ केली. त्याने नको म्हटलं. "माझं एवढंच मागणं हाय," तो म्हणाला, "त्या बुरुजाला जंग्या पाडा. डाव्या खांद्याच्या. कोणाच्या लेकाला पुन्हा बाहेर वाकाय लागू नये." गवंडी कुरकुरला, भिंत कच्ची होईल म्हणाला. शेवटी चार जंग्यांवर मिटलं. म्हाळूला उभा करून, त्याच्या खांद्याच्या मापाने गवंड्याने दोरी धरली. त्याच या चार. पुढे हवालदारांनी आसपासच्या गावांतून डावखुरे शोधून आणले, आणि सिदूने म्हाळूच्या हातांनी, स्वतः शेजारी बसून सांगत, तसल्या आणखी सहा बंदुका घडवल्या. तोवर सिदूचा दुसरा डोळाही गेला होता. रोज सकाळी म्हाळू त्याला घरून भट्टीवर धरून आणी. पण हे नंतरचं.

मोडलेल्या शपथेचं मात्र राहिलं होतं. लढाईनंतर पाचव्या दिवशी दोघं देवळात आले. सगळं गाव मागे. आमच्या घराण्यातला तेव्हाचा गुरव होता, त्याने कौल लावायचं ठरवलं. कौल म्हणजे काय, तर देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर देवीचा होकार. डावं पडलं तर नकार. पिढ्यान्‌पिढ्या हाच नेम.

गुरवाने फुलं लावली. म्हाळूने हात जोडले. "आई, तुझी आण मोडली. मला पदरात घेतलंस का?"

बराच वेळ दोन्ही फुलं जागच्या जागी होती. मग डावं फूल हललं, घसरलं, आणि खाली पडलं.

बायकांनी पदर तोंडाला लावले. सिदूला अंधुक दिसत होतं, फूल कसलं दिसणार. तो म्हणाला, "पडलं का रं? कंचं पडलं?" कोण सांगणार त्याला?

शेवटी म्हाळूनेच सांगितलं. "डावं पडलं, दादा."

आणि सिदू हसला. देवळात, सगळ्यांसमोर, मोठ्याने. गुरवाला राग आला म्हणे.

"आरं, मग रडताय काय?" सिदू म्हणाला. "डावऱ्यानं इचारलं, आई डावीकडनंच बोलणार! मला बंदूक उलटी कराया आठ महिने लागले. तिला एवढंबी कळत नसंल व्हय?"

गुरवाने देवीकडे पाहिलं. उजवं फूल अजून जागेवर होतं. त्याने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिली. ते सुकलं, पण पडलं नाही. डावऱ्याचा नकार उजवीकडून यायचा, तो आलाच नव्हता. तेव्हा त्याने बाहेर येऊन गावाला सांगितलं की देवीने होकार दिला आहे. आणि कोयाजीच्या आईने, जी पाच दिवस कोणाशी बोलली नव्हती, पुढे होऊन म्हाळूच्या डाव्या मनगटाला देवीचा दोरा बांधला.

आता लढाया गेल्या. त्या सात बंदुकांपैकी एकच गावात उरली आहे, पारठ्यांच्या घरी. दसऱ्याला ती माळावर आणतात आणि नुसत्या दारूचा एक बार काढतात. बार काढणारा गावातला कोणीही डावखुरा चालतो, पण रंजक लोहारांच्याच घरातलं माणूस भरतं, आणि ते वळसा घालून उजवीकडे गेल्याशिवाय चापाला बोट लागत नाही. गेल्या वर्षी बार अंगणवाडीच्या बाईंनी काढला. त्या माहेरच्या दुसऱ्या गावच्या, इथे सून म्हणून आलेल्या. लहानपणी डावा हात वापरला म्हणून त्यांनी फार मार खाल्लेला. बार झाल्यावर किती तरी वेळ त्या बंदूक खाली ठेवायलाच तयार नव्हत्या.

चला, आता देवळात जाऊ. आजही तिथे कौल लावतात, आणि आजही गुरव प्रश्न ऐकायच्या आधी समोरच्याला एक गोष्ट विचारतो. मीही विचारतो, तुमच्यातल्या कोणाला कौल लावायचा असेल तर तुम्हालाही विचारीन: "जेवता कंच्या हातानं?" उजव्या म्हणालात तर उजवं फूल तुमचं. डाव्या म्हणालात, तर डावं.